बाजार अडला तर? आपल्या गटाच्या उद्योगाची आधीची तयारी



या महिन्याचा अभ्यास पाठ थोडा वेगळा आहे. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे हे सगळं दशसूत्रीत आपण घोटून घोटून शिकलो. आज शिकायचं आहे ते असं, की कधी कधी आपल्या गावापासून हजारो किलोमीटरवर काहीतरी घडतं आणि त्याचा चटका आपल्या कढईला बसतो. अशा वेळी सरकार मदत जाहीर करतं. ती मदत कोणापर्यंत पोचते आणि कोणापर्यंत पोचत नाही, हे मी नांदेड-लातूरच्या गावांत फिरताना पाहिलं आहे. त्यात माझी स्वतःचीही एक चूक आहे, आधी तीच सांगते.

२०२२ चा फेब्रुवारी महिना. मला कामाला लागून चारच महिने झाले होते. एमएसडब्ल्यूची डिग्री ताजी, अंगात उत्साह भरपूर. मुखेड तालुक्यात दहा जणींचा एक गट शेव-चिवडा करायचा. त्यांना लग्नसराईसाठी २०० किलो शेवेची ऑर्डर आली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, माल द्यायचा एप्रिलमध्ये, भाव आत्ताच कसा बांधावा?" मी म्हणाले, "ताई, बांधून टाका, नाहीतर गिऱ्हाईक सुटेल." १८० रुपये किलोने भाव ठरला. खर्च काढला तर किलोमागे १२ रुपये सुटत होते. म्हणजे २,४०० रुपये नफा.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मी ती बातमी मोबाईलवर वाचली आणि पुढच्या गावाला निघून गेले. शेवेशी तिचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, आणि सूर्यफुलाचं मुख्यतः युक्रेन-रशियातून. युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल यायचं अडलं. मग ते घेणारे सगळे सोयाबीन आणि पामतेलाकडे वळले, म्हणून त्यांचेही भाव चढले. त्यातच २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवायला बंदी घातली, ती २३ मेपर्यंत राहिली. गटातली एक आजी मला म्हणाली, "आपण तर सोयाबीनचं तेल वापरतो माय, अन् सोयाबीन आपल्याच रानात पिकतं. मग ते का महागलं?" प्रश्न बरोबर होता. उत्तर हेच, की तेलांचा बाजार एका विहिरीसारखा आहे. कुठूनही उपसा वाढला की सगळ्यांचंच पाणी खाली जातं.

गटाला त्या ऑर्डरसाठी साधारण ६० लिटर तेल लागलं. ऑर्डर घेतली तेव्हाच्या हिशेबापेक्षा लिटरमागे ३५ रुपये जास्त मोजावे लागले. ६० गुणिले ३५, म्हणजे २,१०० रुपये. नफ्यातून तेवढे वजा करा. उरले ३००. दहा जणी, प्रत्येकीला ३० रुपये. दोन रात्री जागून, धुरात डोळे चोळून ३० रुपये. कोणी मला दोष दिला नाही, पण त्या गटाच्या बैठकीला जायला मला पुढचा महिनाभर लाज वाटत होती.

आता जरा पुढचं पाहू. सरकार अशा वेळी काय करतं? पहिलं हत्यार असतं आयात शुल्क, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सोयाबीन काढणीच्या तोंडावर भाव पडू नये, हा त्यामागचा हेतू. मग मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं, कारण तेल महाग झालं होतं. शुल्क वाढलं की सोयाबीनवाल्याला आधार आणि कढईवाल्याला फटका. कमी झालं की उलटं.

पण आपल्या घरात या दोघी वेगळ्या आहेत का? औशाची किंवा अहमदपूरची ताई सकाळी सोयाबीनच्या रानात असते आणि दुपारी गटाच्या शेडमध्ये कढईपुढे. एका खिशात येतं ते दुसऱ्या खिशातून जातं. म्हणून "शुल्क वाढलं, बरं झालं" किंवा "शुल्क कमी झालं, बरं झालं" असं टाळ्या वाजवून म्हणण्याआधी आपला हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा. आपल्या गटात सोयाबीन विकणाऱ्या किती आणि तेल विकत घेणाऱ्या किती, हे एकदा हात वर करून मोजा. बहुतेक गटांत तेच हात दोनदा वर जातील.

तुरीचंही तसंच. लातूर म्हणजे तूरडाळीची पेठ. पण म्यानमारमधून आणि आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानिया, मलावीतून तूर येते, आणि ती विनाशुल्क येऊ देण्याची मुदत २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली होती. डाळ करून विकणाऱ्या गटाला त्यामुळे कच्चा माल स्वस्त पडू शकतो. तूर पिकवणाऱ्या घराला मात्र काढणीच्या वेळी भाव दबलेला दिसतो. २०२५-२६ च्या हंगामात तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल होता, सोयाबीनचा ५,३२८. बाजारात त्याच्या खाली भाव असेल तर हमीभाव केंद्रावर नोंदणी करून माल घालता येतो. त्याची पूर्वतयारी पुढे सांगते, कारण खरी गाडी तिथेच अडते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ आणि मग २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के कर लावला. तेव्हा किनवटच्या एका बैठकीत मला विचारलं, "आपण कुठं अमेरिकेला काय पाठवतो?" आपण नाही पाठवत, पण आपला कापूस ज्या गिरण्यांत जातो त्यांचे कपडे तिकडे जातात. त्या गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरणीला मदत झाली, पण नेमकं आपल्या वेचणीच्या दिवसांत बाहेरचा कापूस स्वस्त झाला. गिरणी बंद पडली तर कापूस कोण घेणार, हा युक्तिवाद मला कळतो. तरी मला वाटतं, एकाला दिलेल्या मदतीचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं तेव्हा त्या दुसऱ्याला आधी सांगायला हवं. पुढे १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने निर्यात करणाऱ्यांसाठी २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन आणि २०,००० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी देणारी योजना मंजूर केली. आकडे मोठे आहेत. पण ताईंनो, हे पैसे निर्यातदारांसाठी आहेत. कोणी गावात येऊन "अमेरिकेच्या पॅकेजमधून गटाला पैसे मिळवून देतो, फॉर्मचे ५०० द्या" म्हणालं तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मग आपल्यासाठी काय आहे? हे समजायला २०२० मागे जाऊन पाहू. तेव्हा मी शिकत होते, पण हे सगळं जुन्या सीआरपी ताईंकडून ऐकलंय. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, आठवडी बाजार बंद. मे महिन्यात सरकारने आपत्कालीन पत हमी योजना आणली. छोट्या उद्योगाला आणखी तारण न घेता जादा कर्ज. किती? २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेत जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के. पुन्हा वाचा. बँकेत बाकी कर्जाच्या २० टक्के. म्हणजे ज्या उद्योगाचं बँकेत खातंच नव्हतं, त्याचे २० टक्के किती होतात? शून्य. मसाला कांडणारी, पापड लाटणारी, घरच्या पैशावर धंदा करणारी बाई त्या योजनेत बसलीच नाही. तिच्याविरुद्ध कोणी काही केलं नव्हतं. ती कागदावर नव्हती, एवढंच.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ता थांबवायची सवलत दिली. खूप जणींना वाटलं हप्ते माफ झाले. माफ नव्हते झाले, व्याज चालूच होतं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही भरले नाहीत आणि नंतर कर्ज लांबलं. कोणतीही सवलत आली की एक प्रश्न विचारायचा: माफ आहे की पुढे ढकललं आहे?

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. संकट आल्यावर मदत नवीन माणूस शोधत येत नाही. जो आधीच नोंदलेला आहे त्याच्याकडे जाते. म्हणून तयारी संकट नसतानाच्या महिन्यांत करायची.

सुरुवात सोप्या दोन नोंदणीपासून. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, आणि जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यासाठी उद्यम असिस्ट नावाची सोय २०२३ पासून आहे. दुसरी, खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी, २०२५ मध्ये तिची फी वर्षाला १०० रुपये होती आणि १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर तेवढीच पुरत होती. या दोन कागदांसाठी सेंटरवर हजार-दोन हजार घेतल्याचं मी ऐकते तेव्हा वाईट वाटतं. भरणाऱ्याची मेहनत म्हणून थोडे पैसे द्या, पण "सरकारी फी" म्हणून हजार देऊ नका.

यानंतर पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. २०२० ला सुरू झाली, मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत होती, म्हणून ती अजून चालू आहे का ते आधी विचारा. यात दोन वाटा आहेत. अन्न प्रक्रियेचं काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्य ताईला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल, जे ग्रामसंघ-प्रभागसंघामार्फत येतं आणि छोटी अवजारं किंवा कच्चा माल यासाठी वापरायचं असतं. दुसरी वाट मशीन आणि शेडसाठी, बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. इथे खूप गैरसमज आहे. अनुदान हातात रोख मिळत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळतं करतात. हप्ते थकले तर अनुदानही अडतं. प्रस्ताव करायला तालुका कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीचं नाव विचारा. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही.

हे सगळं बाजार अडण्याशी कसं जोडलंय? मुखेडच्या त्या गटाकडे फेब्रुवारीत २०,००० रुपये खेळते असते, तर भाव बांधला त्याच दिवशी ६० लिटर तेल घेऊन ठेवलं असतं. बीज भांडवलाचा खरा उपयोग हा आहे. मी तेव्हा त्यांना ऑर्डर घ्या म्हणाले. तेल घेऊन ठेवा म्हणाले नाही, आणि त्यासाठी पैसे कुठून येतील याचा विचारही केला नाही.

आता शेतमालाचं. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे, तरी बैठकीत विचारलं तर दहातल्या आठ जणींनी नाव ऐकलेलं नसतं. तूर, सोयाबीन, हरभरा, हळद असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. त्या दिवशीचा बाजारभाव किंवा हमीभाव, यातला जो कमी त्यावर किंमत धरून ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. समजा १० क्विंटल तूर, भाव ७,००० रुपये. किंमत झाली ७०,०००. कर्ज ५२,५००. सहा महिन्यांचं व्याज १,५७५, म्हणजे क्विंटलमागे १५८ रुपयांच्या आसपास. तेवढ्याहून जास्त भाव वाढणार असेल तरच थांबण्यात अर्थ, गाडीभाडं वेगळं. भाव वाढेलच याची हमी कोणी देत नाही, विशेषतः बाहेरची तूर येत असताना. माझं मत असं, की सगळा माल ठेवू नका. निम्मा विका, निम्मा ठेवा. आणि मुदत चुकवू नका, त्यानंतर व्याजदर चढत जातो. सगळ्या बाजार समित्या ही योजना चालवतातच असं नाही, म्हणून पोती गाडीत घालायच्या आधी जाऊन विचारून या.

ही योजना व्यापाऱ्यासाठी नाही, शेतकऱ्यासाठी आहे. म्हणून सातबारा लागतो. हमीभाव केंद्रावरही सातबारा आणि त्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते. आणि इथे मी ज्या अडचणीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते ती येते. सातबारा कोणाच्या नावावर आहे? पेरते बाई, खुरपते बाई, तूर बडवते बाई, आणि उताऱ्यावर नाव मालकाचं किंवा सासऱ्याचं. घरात सगळं ठीक असतं तोवर चालून जातं. लातूर तालुक्यातल्या एका ताईंचा नवरा वारला, वारस नोंद झालेली नव्हती, आणि त्या हंगामात घरात तूर असून त्या केंद्रावर नोंदणी करू शकल्या नाहीत. पडत्या भावात विकली. बाजार बाहेरून पडला होता, पण त्यांचं नुकसान तलाठ्याच्या दप्तरात झालं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. घरात हा विषय काढणं सोपं नाही, मला माहीत आहे. एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "नाव लाव म्हणलं तर घरचे म्हणतील, हिला काय माहेरी न्यायचंय का रान?" सगळ्या हसल्या आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. निदान एवढं करा: घरातल्या वारस नोंदी झाल्या आहेत का ते पाहा, आणि ई-पीक पाहणी दर हंगामात वेळेत होते का ते स्वतः मोबाईलवर बघा.

पुढच्या बैठकीसाठी काम. मोठा कागद घ्या, मध्ये आपल्या उद्योगाचं नाव लिहा. डाव्या बाजूला कच्चा माल कुठून येतो, उजव्या बाजूला तयार माल कोण घेतं. नुसतं "दुकानातून" असं लिहू नका, दुकानदाराला विचारा त्याच्याकडे कुठून येतो. धर्माबादच्या मिरचीवर चालणारा गट असेल तर मिरची, पिशव्या, लेबल, सगळं. मग प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा, हे दोन महिने बंद झालं तर? उजव्या बाजूला एकच नाव असेल तर त्याला लाल गोल करा. अर्धापूरच्या एका हळद गटाच्या कागदावर उजवीकडे एकच व्यापारी होता, तोही तेलंगणातला. लॉकडाऊनमध्ये हद्दीवर गाड्या अडल्या तेव्हा यांची हळद घरातच राहिली होती. आता त्यांनी नांदेडात दोन दुकानं आणि एक वसतिगृह जोडलंय. वसतिगृह पैसे उशिरा देतं, पण देतं.

आणि ऑर्डर घेताना एक ओळ लिहून घ्यायची: "तेलाचा भाव आजच्या भावापेक्षा लिटरमागे १० रुपयांहून जास्त वाढल्यास शेवेचा दर त्या प्रमाणात बदलेल." आजचा भाव तिथेच लिहायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या. मुखेडचा गट आता प्रत्येक मोठ्या ऑर्डरला हे करतो. मागच्या दिवाळीला एका गिऱ्हाइकाने ही ओळ वाचून ऑर्डर परत घेतली. मी थोडी घाबरले, अध्यक्ष ताई नाही घाबरल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, ३० रुपयांसाठी रात्र जागायची हौस फिटली आमची." बाकीच्या तीन गिऱ्हाइकांनी सही केली.

तुमचा कागद तयार झाला की त्याचा फोटो प्रभागसंघाच्या लिपिका ताईंकडे द्या. ज्यांच्या कागदावर लाल गोल जास्त, त्यांच्या गावी मी आधी येते. येताना उद्यम आणि अन्न नोंदणीसाठी आधार, पॅन आणि बँक पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा, मोबाईल आधारला जोडलेलाच असू द्या. मागच्या वेळी निलंग्याला ओटीपी मुंबईतल्या लेकाच्या फोनवर जात होता, आणि लेक ड्युटीवर. आम्ही संध्याकाळी सातपर्यंत बसलो होतो.